साटंलोटं

मंडणगडच्या मावससासूबाई फोनवर म्हणाल्या,
"म्हणजे तुमची पोर त्यांच्याकडे, त्यांची तुमच्याकडे?
अगं, हे तर साटंलोटंच झालं!"
मी हसले. फोन ठेवल्यावर थांबले.

सोहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये रहमा अल-बलुशी आल्या,
संस्थेच्या समन्वयक, हातात टेप आणि यादी.
पलंग मोजला. दाराची कडी आतून लागते का, पाहिली.
धुराचा गजर झाडूच्या दांड्याने दाबून वाजवला,
शेजारचं बाळ उठलं.
तपासणी होईपर्यंत चहा नको म्हणाल्या,
झाल्यावर तीन कप घेतले,
आणि जाता जाता दारात म्हणाल्या,
मुलगी परत येते, पण तीच येत नाही.
यादीत याला रकाना नव्हता.

अर्ज सव्वीस पानांचा.
तुमच्या घरात आधी कोण उठतं?
भांडण झालं तर आधी कोण बोलतं?
ह्यांनी लिहिलं, "पत्नी."
मी खोडून लिहिलं, "चहा."
कायमचा पत्ता, इथे दोघांचं पेन थांबलं.
दर दोन वर्षांनी नवं होणारं कार्ड,
ॲल्युमिनियमच्या कारखान्याने दिलेलं छप्पर,
आणि मंडणगडला एक कुलूप.
वर ठळक छापलेलं: यजमान कुटुंब.
एकोणीस वर्षं पाहुणे राहिलेले आम्ही,
यजमान!
ह्यांनी त्या पानाची एक झेरॉक्स काढून ठेवली.

ऋजुताने नियमांखाली सही केली.
गाडी चालवायची नाही.
घरी फोन आठवड्यातून एकदा,
पहिले तीन आठवडे तोही नाही.
रुजायला वेळ द्या, रहमा म्हणाल्या,
रोप रोज उपटून मुळं बघतात का कुणी?

जानेवारीत मस्कतच्या विमानतळावरून एक गेली.
चार दिवसांनी एक आली.
आयनो. फिनलंडमधल्या कुओपिओची,
सोळा वर्षांची, पापण्यासुद्धा पांढुरक्या.
ऋजुताच्या पलंगावर झोपते, पाय बाहेर येतात.
(रहमांनी पलंग मोजला होता, मुलगी नाही.)

खोलीचं दार लावून घेते.
आमच्याकडे लावलेलं दार म्हणजे रुसवा.
पहिला आठवडा मी बाहेर ताट घेऊन उभी.
मग उमगलं,
त्यांच्याकडे लावलेलं दार म्हणजे
लावलेलं दार.

फेब्रुवारीत भाजीबाजारात
एका जुडीत नाक खुपसून ती उभीच राहिली.
"तिल्ली," म्हणाली, आणि डोळे भरले.
शेपू!
सतरा वर्षं आमच्या घरात बंदी असलेला शेपू,
ऋजुताला वासही खपत नाही म्हणून.
मी तीन जुड्या घेतल्या. मूगडाळ, लसूण, बस.
तिने तीनदा वाढून घेतला.

त्याच शुक्रवारी पहिला फोन.
"आई, इथे बटाट्यावर शेपू, माशावर शेपू,
काकडीच्या बरणीतसुद्धा शेपू!"
"मग?"
"खाते."
एवढंच. खाते.
मी सिंकपाशी जाऊन उगाच नळ सोडला.

पाइवी, आपण भेटलेलो नाही.
तुझी लेक केस धुते आणि न्हाणीघर तुंबतं.
संध्याकाळी कॉर्निशवर जाते,
साडेआठला परत, मिनिटभरही उशीर नाही,
तरी माझी खिडकी साडेसातपासून उघडी.
एसीची हवा जाते, हे कुरकुरतात.
तुझ्याकडे बाहेर उणे वीस,
तू उघडत नसशील.
काचेवरची वाफ पुसत असशील बाहीने.

साटंलोट्यात म्हणे असं असतं,
इथल्या सुनेला चिमटा काढला
की तिथल्या सुनेला वळ उठतो.
मावससासूबाईंची थोरली बहीण तशीच दिलेली,
त्यांनी पुढचं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
पण तेव्हापासून रोज
तुझ्या लेकीच्या ताटात तुपाची धार
जरा लांब धरते.
श्रद्धा म्हण, लाच म्हण.

जूनमध्ये दोघी आपापल्या घरी.
त्याआधी आमचं कार्ड नवं व्हायचंय.
अर्जाच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न अजून बाकी:
पुन्हा यजमान व्हाल का?
ह्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलंय,
"चहाला विचारा."