झाकणाआधी

एप्रिल आला, तरी डुलुथच्या गल्ल्यांतले
राखाडी बर्फाचे ढीग वितळायचं नाव घेत नाहीत.
तळघरात बाबांची चार पिंपं,
कधीकाळी सोड्याच्या कारखान्यातली, कमरेला पोचे आलेली.
भंगारवाल्याची पावती अजून खिळ्याला लटकते.
चोरीच्या भांड्यात बिअर आंबट होते, म्हणायचे.

आर्वोकाका बॉयलर तपासायचे. चौतीस वर्षं.
डाव्या कानानं त्यांना ऐकू येत नाही.
कारण विचारलं की एकच शब्द: "घाई."

"आधी खिडक्या उघड, थंडी वाजली तरी.
हा वायू दिसत नाही, वास देत नाही,
पाण्यासारखा फरशीवर साचतो
आणि तू वाकलीस की तुझ्या नाकाशी येतो."
सिलिंडर त्यांनी साखळीनं खांबाला जखडला,
हूड वासरू बांधावं तसा.

तीन पिंपांच्या झडपा ओढल्या. काही नाही.
झाकणं काढली. रबराच्या कड्या, पिंपामागे पाच,
दहा वर्षं बिअरमध्ये मुरूनही
चेरीच्या सरबताचा वास धरून बसलेल्या.
सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.
नव्या बसवल्या, बोटावर जरासं ग्रीस घेऊन.
वायू सोडून जोडांवर साबणाचं पाणी:
एक बुडबुडा फुगला. मग त्याच जागी दुसरा.
"गळतंय. पुन्हा."
पुन्हा.
तिसऱ्या खेपेला फेस नुसता फेस राहिला.

चौथं कोपऱ्यात होतं, हलकं.
तीनदा काहीच आलं नव्हतं,
म्हणून मी सरळ झाकणालाच हात घातला.
काकांनी मनगट धरलं. दुखेल इतकं.
"रिकामं असलं म्हणून मोकळं नसतं, आयली."

बाजूला चिकटपट्टी, वर बाबांचं अक्षर:
धुतलं. १२ ऑक्टोबर.
त्यानंतर त्यांच्या हातून काही धुतलं गेलं नाही.

मी झडपेची कडी ओढली.
सूंऽऽऽ
धुऊन, दाब भरून, पुढच्या खेपेसाठी ठेवलेलं.
हॉप्सचा पुसट कडसर वास.
काकांनी मान वळवली,
चांगला कान पिंपाकडे केला
आणि तसेच उभे राहिले.

आवाज बारीक होत गेला, थांबला.
मी झाकणाकडे हात नेला.
"आणखी एकदा," काका म्हणाले, "खात्री कर."
ओढली.
काही नाही.

मग उघडलं.
आतून लख्ख.
धुण्यात बाबांनी कधी कसर ठेवली नव्हती.