खळं

मोरारच्या पुढे, डांबर संपून शेणाचा रस्ता लागतो तिथे
हरविलास गुर्जराचा गोठा.
पहाटे पाचला मी पोचते
बर्फाचा डबा, चाळीस नळ्या
आणि पाच पानांची प्रश्नावली घेऊन.

गेल्या तीस दिवसांत कुठलं औषध दिलंत?
नाही.
द्यायला कुणी सांगितलं?
दिलंच नाही, तर सांगणार कोण.
कोनाड्यात, उदबत्तीच्या शेजारी,
पिवळ्या झाकणाची कुपी. अर्धी.
तिच्यावर माशी बसते, उडते, परत बसते.
रकान्यात मी लिहिते : नाही.
समासात एक बारीक टिंब देते.

चौदा नंबर, मी म्हणते.
"चौदह का होवे? याको नाम गुलकंदी है."
भदावरी म्हैस, तांब्याच्या रंगाची,
गळ्याखाली दोन पांढऱ्या रेघा, कंठी म्हणतात इकडे.
डावीकडचा मागचा सड सुजलेला, गरम.
हात लावला तरी ती पाय झाडत नाही,
मान वळवून बघते,
जेवायची सुट्टी झाल्यावर
खिडकीतला बाबू बघतो तशी.
पहिल्या धारा टाकून द्यायच्या. मग नळीत.
दूध नव्हेच ते :
पिवळट पाणी, त्यात नासल्याचे कण.

दुसऱ्या सकाळी प्रयोगशाळेत
बशीवर रात्रभरात उगवून आलेलं असतं
साय धरावी तसं, सलग.
त्यात सहा चकत्या, सहा औषधं.
औषध चाललं तर चकतीभोवती काहीच उगवत नाही,
स्वच्छ गोल राहतो.
पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे.
मी खळं म्हणते. चंद्राला पडतं ते.

लष्करातल्या आमच्या गच्चीवर बाबा बोट दाखवायचे :
खळं लांब तर पाऊस जवळ,
खळं जवळ तर पाऊस लांब.
मी पट्टी लावते, मिलिमीटर.
पहिली चकती, नऊ.
दुसरीला खळं नाही.
तिसरीला नाही.
चौथी, पाचवी : अगदी कडेला टेकून उगवलंय,
पारावर बसावं तसं, निवांत.
सहावी आम्ही गुरांना देतच नाही.
ती इस्पितळात, माणसांसाठी, कुलपात असते.
तिचं खळं मी तीनदा मोजलं.
तिन्ही वेळा कमी भरलं.

गुलकंदीला हे कुणी शिकवलं?

पूर्ण कुपी साडेतीनशेची. हरविलासने नंतर सांगितलं,
मी वही मिटल्यावर.
जनावर उभं राहिलं की थांबायचं,
उरलेली पुढच्या म्हशीला.
त्याचा हिशेब मला खोडता आला नाही.
आणि ते दूध, त्या दिवसांतलं?
त्याने किटल्यांकडे बघितलं.
किटल्या लष्करात जातात.
आमच्या दारात सहाला घंटी वाजते.
मी दूध उतू जाईस्तोवर तापवते;
जंतू मरतात,
औषध सगळं मरत नाही.
चहा मात्र छान होतो.

मग देऊ काय, मॅडम?
दर दोन तासांनी सड रिकामा करा,
हात धुवा, कोरडी जागा द्या.
तो हसला. हे तर बिट्टन करतेच.
बिट्टन, त्याची सून, पदर तोंडाशी धरून
माझ्या हातमोज्यांकडे बघत होती.

वापरलेल्या बशा वाफेत घातल्या की
वितळून एकमेकींत शिरतात.
निळ्या शाईने मी बुडाशी नाव लिहिलं होतं,
आमच्या तक्त्यात नावाला रकाना नाही म्हणून.
थंड झालेल्या गोळ्यावर एवढंच उरलं : कंदी.

अकराव्या दिवशी रात्री फोन आला.
"मैडम, चौदह नंबर ने आज सानी खाई."
कोण, गुलकंदी?
"हां, वोई. थन तो गओ. तीन बचे."

प्रश्नावली अजून टेबलावर आहे.
उद्या आकडे संगणकात भरायचे.
रकान्यात 'नाही' आहे.
समासातलं टिंब कुठे भरतात
ते मला माहीत नाही.