वीसपैकी आठ

सांगतो, अवघड नाही.
शेवटची वीस कार्डं घ्यायची,
त्यांतली बरी आठ निवडायची,
उरलेल्या बारांकडे
सोयऱ्यांच्या भांडणाकडे करावा तसा कानाडोळा करायचा.
आठांची सरासरी काढली, की आला हँडिकॅप.

त्याआधी मैदानाचा खडूसपणा वजा होतो.
आमचं मैदान तसं आखूडच,
पण मरे फर्थवरून वारा सुटला
की सरळ मारलेला चेंडूही काटेरी झुडपांत जाऊन बसतो.
म्हणून एकशे तेराने गुणा, स्लोपने भागा.
एकशे तेराच का,
तेवीस वर्षं सेक्रेटरी आहे, मलाही धड सांगता येत नाही.
एका होलवर कितीही फटके गेले
तरी एका हद्दीपुढे धरत नाहीत.
एका खड्ड्यापायी माणसाचं वाटोळं होऊ नये
एवढी अक्कल या गणिताला आहे.

मात्र एकविसावं कार्ड आलं
की सगळ्यात जुनं गळतं.
मग ते कितीही चांगलं असो.

इशबेल गेडिसच्या यादीत
विसाव्या जागी ब्याऐंशी आहे,
दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधलं.
एवढं चांगलं ती आधी कधी खेळली नव्हती.
मार्करच्या चौकटीत लोर्नची सही,
पेन्सिल ओली, अक्षरं फुगलेली.

लोर्न नोव्हेंबरात गेला.

इशबेल रोज खेळते, खिडकीतून दिसते मला.
कार्ड देत नाही.
वॉल्टर बेन कमिटीत म्हणाला,
"तिचा आकडा खोटा आहे, मर्डो. आता नव्वदही जमत नाही तिला."
म्हटलं, आकडा लहान म्हणजे सवलत कमी,
हरते तीच. तुझं काय जातं?
नियमात हे बसत नाही, ठाऊक आहे.
मी चहा ओतला
आणि गवत कापायच्या मशीनचा विषय काढला.

मे महिन्यात, एका मंगळवारी,
तिने टेबलावर कार्ड ठेवलं.
सत्त्याण्णव.
सही शेजारच्या शाळकरी पोराची, नाव पूर्ण लिहिलेलं.
"घाल," म्हणाली,
"आता जास्त फटके लागणार मला."

मी आकडे भरले.
सत्त्याण्णव बारांत गेलं.
ब्याऐंशी गळलं, तिथे सत्त्याऐंशी सरकलं.

"कितीने वाढला?"
"सहा दशांश."

ती पडद्याकडे बघत राहिली,
ट्रॉलीच्या चाकाचं ओलं गवत
माझ्या गालिच्यावर पडत होतं.

"एवढाच?"