दोन डॉलरला एक

शनिवार, सकाळचे सात. टोलेडो.
रात्रपाळी संपवून तसाच आलोय,
काचेच्या भट्टीची धग अजून कानामागे.
ऑर्विस पेटिग्रूच्या अंगणात बर्फ खरवडून
एक पुठ्ठा रोवलाय:
सगळं विकायचंय. रेकॉर्डी तळघरात.
दोन डॉलरला एक. डोकं सांभाळा.

मी सांभाळत नाही. तुळई लागते.
मागून उतरणारा म्हातारा म्हणतो,
"ऑर्विसचंही रोज आपटायचं."

खाली केळ्यांची खोकी, एकवीस.
रेकॉर्ड शोधणारा माणूस बोलत नाही,
त्याची दोन बोटंच चालतात,
डाळीतले खडे निवडावेत तशी:
नाताळची गाणी, नाताळची गाणी,
हवाई बेटांवरची गिटार,
दात दाखवणारा कुणी गायक, नाताळ,
पुन्हा नाताळ,
आणि मग

बोटं थबकतात.
क्लेम रॉड्री. पाच जणांचा ताफा.
निळसर कव्हर, कोपरा उंदरानं चाखलेला,
वर सगळ्यांना लावलेली तीच नारिंगी चकती: दोन डॉलर.
आत, लेबलावर, तो जुना पत्ता,
जो पुढच्या छपाईत बदलला.
मला ठाऊक आहे हिचं मोल:
माझ्या घराचं दोन महिन्यांचं भाडं.
छातीत कुणीतरी ब्रश घेऊन
झांजेवर हलकेच फिरवायला लागतं.

मी काय करतो?
तिला दोन नाताळांच्या मध्ये सरकवतो.
वर आणखी चार, कुणालाच नको असलेल्या.
चेहरा असा, की दूध आणायला आलोय.
जिन्याच्या तोंडाशी जेनीव्हा, ऑर्विसची लेक,
बापाचा स्वेटर अंगात,
मांडीवर बिस्किटांचा डबा, तोच गल्ला.
"सात झाल्या. चौदा."
आणि मी, देवा,
मी म्हणतो, "बारा?"

"घ्या बारा."

घरी डोरेथा झोपलेली. आवाज बारीक करून
सुई टेकवतो.
आधी खरखर, मग बेस,
मग स्टुडिओत कुणाचं तरी खाकरणं,
आणि रॉड्रीचा सॅक्सोफोन उशिरा येतो,
उशिरा यायचा हक्क असलेल्या पाहुण्यासारखा,
खुर्ची ओढून बसतो.
दुसऱ्या बाजूला, तिसऱ्या तुकड्यात,
जिथं पियानो थांबतो आणि तो एकटाच वर चढतो,
तिथं सुई अडकते.
चढतो. चढतो. चढतो.

दिव्याखाली धरून पाहिलं:
बाकीची तबकडी काळीभोर, लखलखीत,
तेवढाच बोटभर पट्टा करडा, झिजलेला.
एवढंच ऐकायचा ऑर्विस.
सुई उचलून पुन्हा तिथंच,
उचलून पुन्हा तिथंच,
किती वर्षं कोण जाणे.

रविवारी पाकिटात साठ डॉलर घालून गेलो.
साठच का, ते माझं मलाही सांगता येणार नाही.
चर्चहून आलेल्या शेजारणींबरोबर
जेनीव्हा केक खात बसलेली.
मी अडखळत सगळं सांगितलं, भाड्याचा आकडा सोडून.
तिनं हात पुढे केला. पाकिटासाठी नाही,
कव्हरसाठी.
नखानं नारिंगी चकती सोलली.
खाली दुसरी. पिवळी पडलेली. पंचवीस सेंट.

"मिसेस टॉलिव्हरच्या नवऱ्याचं सामान निघालं
तेव्हाची. सहासष्ट साल.
त्या बाईला मी कसं कळू दिलं नाही,
ते बाबा जन्मभर सांगायचे, आणि हसायचे.
मग मध्येच हसणं थांबायचं."
पाकीट तिनं माझ्याच खिशात कोंबलं.
"केक घ्या. आणि उतरताना डोकं."
मी तर वरच्याच मजल्यावर होतो.

डोरेथाला आता सांगून ठेवलंय:
ती निळी, उंदरानं खाल्लेली,
दोन डॉलरच्या वर एक सेंट मागू नकोस कुणाकडं.
घासाघीस केली त्यानं, तर करू दे.
तिसऱ्या तुकड्याचं मात्र
बोलू नकोस काही.