पाच मिनिटं

एकशे अडुसष्ट.
"जिना चढून आलात ना, नरसम्मा?
बसा. पाठ टेकून. पाय जमिनीला.
बोलू नका पाच मिनिटं."

नुसतं बसायचं?
दंड उशीवर, काळजाच्या उंचीला,
पण बोटं चालूच:
नसलेलं पान, नसलेला दोरा,
ओठांत तेलुगूतला हिशेब.

विडी घरकुलात वीज गेली.
शेजारचा माग थांबला, पंखा थांबला,
मग बोटंही.

एकशे बेचाळीस.
"मघाचं खोटं व्हतं?"
खोटं नव्हतं. ते जिन्याचं होतं,
उन्हाचं, घाईत प्यायलेल्या चहाचं,
आज छाटात गेलेल्या दोनशे विड्यांचं.
"आन हे?"
हे तुमचं. थोडं शेंगाचटणीतल्या मिठाचं.
परवा पुन्हा मोजू.

पट्टा सोडला, तरी उठेनात.
"आजून पाच मिन्टं बसू का?
मोजू नका."