होडी माझी नव्हतीच

मंगळवारी दुपारी ओरोसहून फोन आला.
मी मांडवात जाळं सांधत होतो,
सुई दातांत, दोरा पायाच्या अंगठ्याला.
बाई म्हणाल्या, गुरुवारी अकराला मुलाला घेऊन या.
कपडे सोबत.
मी विचारलं, परत केव्हा?
पलीकडे कुणीतरी दार लोटलं
आणि फोन संपला.

चार वर्षांपूर्वी आला तेव्हा
चिऱ्याच्या खाणीची तांबडी धूळ होती
त्याच्या कानांमागे, नखांत, भुवयांतसुद्धा.
शालनने तीन आंघोळी घातल्या, चौथ्यांदा पाणी नितळ आलं.
बसू, वय पाच, भाषा कानडी,
आई मयत, बाप बेपत्ता.
कागदावर एवढंच.
कागदावर नव्हतं ते हे :
रात्री उठून तो भिंतीला कान लावायचा
आणि एकच काहीतरी पुटपुटायचा.
खाणीवरच्या एका बाईला विचारलं, तेव्हा कळलं,
तो म्हणतोय, मशीन बंद करा.
आम्हाला समजायला आठवडा लागला.
त्याला समजायला दोन महिने,
की हे मशीन नाही, सर्जेकोटचा समुद्र आहे,
आणि तो बंद होत नाही.

अपेंडिक्स झालं तेव्हा कणकवलीच्या दवाखान्यात
डॉक्टर म्हणाले, पालक कोण?
शालनने हात वर केला.
सख्खे?
हात खाली आला.
आमची सही चालेना.
चालणारी सही यायला रात्रीचे दोन वाजले.
तोवर पोर पोट धरून
तिच्याच मांडीवर होतं.
मांडीला कुणी नातं विचारलं नाही.

अनुदान यायचं आठ-आठ महिन्यांनी.
लिलावात मात्र रोज कुणी ना कुणी बोलायचं,
"सरकार पैशे देता म्हणान सांभाळतत."
शालन बांगडे मोजत राहायची.
एकदा मोजता मोजता आकडा चुकली,
पुन्हा एकपासून सुरू केलं.

मी काही तो माझा म्हणत नाही.
बत्तीस वर्षं तांडेल होतो मी
दुसऱ्याच्या बोटीवर.
कागद मालकाचे, इंजिन बँकेचं,
फळीवर नाव त्याच्या आईचं.
पण निवतीच्या खडकांपाशी वारा फिरला,
तेव्हा मालक किनाऱ्यावरून फोनवर
एवढंच बोलला, "तुका काय वाटता?"
होडी माझी नव्हतीच.
सुकाणूवरच्या माणसाला विचारायचं असतं,
हे त्याला कुणी कायद्यात दाखवलं नव्हतं.

बुधवारी शालनने बॅग भरली.
त्याच्या मापाचं लहान पागाचं जाळं
कपड्यांत मोडत नाही म्हणून बाहेर काढलं,
बागलकोटला कुठला समुद्र.
मग आठवलं, नदी असेल.
पुन्हा आत ठेवलं.
त्याने विचारलं, मी किती दिवसांसाठी चाललोय?
उद्या विचारू म्हटलं.

समितीच्या खोलीत पंखा होता, पाच खुर्च्या होत्या.
आम्ही बाहेरच्या बाकावर.
दार एकदाच उघडलं,
सही घ्यायला. 'मूल ताब्यात दिले.'
पुढे रकाना, नाते.
कारकून म्हणाला, ते मोकळंच सोडा.

त्याचा मामा जिन्यात भेटला.
माणूस वाईट नव्हता.
हाताला माझ्यासारखेच घट्टे,
पिशवीत भाच्यासाठी करदंटचा पुडा.
मोडक्यातोडक्या मराठीत त्याने शालनला विचारलं,
रात्री काय खातो?
ताप आला तर कुठलं औषध?
भितो कशाला?
सकाळपासून त्या इमारतीत
आम्हाला विचारलेला पहिला प्रश्न.
शालन बोलत होती, तो मान हलवत होता,
एक गोळीचं नाव त्याने तळहातावर लिहून घेतलं.

शेवटी ती म्हणाली,
आवाजाला भितो.
म्हणजे भ्यायचा.
आता तो आवाज नसला
की जागा होईल.
पहिले काही दिवस
तुम्ही जवळ झोपा.