अकरा ते पाच

धरमपेठेतल्या त्या माणसानं जागा दाखवलीच नाही.
आधी विचारलं, बजेट?
मी आकडा सांगितला.
तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला,
"वहिनी, एवढ्यात तर आमच्या इथं नुसता बोर्ड लागते."

बोर्डावरचं नाव माझं ठरलेलं होतं.
आधी नाव ठरवू नये, असं आई म्हणायची,
पण ते पोटातल्या लेकराबद्दल.

माझ्याकडे अस्तराचे एकशे चाळीस रंग आहेत,
पिको-फॉलची मशीन, लेसची रिळं, बटनांचे डबे,
आणि मोरपंखी हुक सापडेपर्यंत
गिऱ्हाईक थांबवून ठेवणारी जीभ.
एवढं मावेल एवढी जागा या गावात असेलच,
असं गोळीबार चौकातून निघताना
मी धरून चालले होते.

मे महिना. तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये कांदा.
मोरेश्वर गाडी चालवतो, बोलत नाही.
'भाड्याने देणे आहे' दिसलं
की गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

सदरला जिन्याखाली एक कप्पा.
उभी राहिले तर डोकं छताला.
मालक म्हणाले, "मग बसूनच होते ना जी धंदा?"
बर्डीवर पगडी सांगितली,
मी मनातल्या मनात शून्यं मोजली,
एक राहिलं असं वाटून परत मोजली.
मानेवाड्याचा गाळा चांगला, भाडंही जमण्यासारखं,
पण वरून पूल. गिऱ्हाईक सगळं डोक्यावरून जाणार.
महालात आडनाव विचारलं,
मग वडिलांचं गाव,
मग म्हणाले, जागा कालच गेली.
काल मी तिथंच उभी होते.
शटरवर हाच नंबर होता.

त्या संध्याकाळी नंदनवनात दूध घ्यायला थांबलो.
लांजेवार डेअरी.
काकू पातेलं घासत होत्या.
पहाटे पाचला दूध, दहाला शटर खाली,
साडेपाचला पुन्हा दूध.
मी विचारलं, मधल्या वेळात काय करते तुमचं दुकान?
"झोपते," म्हणाल्या.

मले द्या ते, म्हटलं.
झोपलेलं दुकान.

त्यांनी पातेलं खाली ठेवलं.
मोरेश्वरनं गाडी बंद केली.
"काऊन व बाई, असं कुठं राहते का?"
राहत नव्हतं. पण नाही म्हणायला
त्यांनाही कारण सापडेना.

कागद करायला गेलो,
नोटरीनं विचारलं, किती फूट जागा?
मी म्हटलं, सहा तास.
त्यानं पेन टेबलावर ठेवून
चष्मा पुसला.

अटी काकूंनी तोंडीच सांगितल्या.
फ्रीज बंद करायचा नाही.
दह्याच्या क्रेटवर कापड ठेवायचं नाही.
जाताना फरशी पुसायची,
आणि टाचणी एकही खाली राहता कामा नये,
दुधात गेली तर मी मेली.

आता साडेचारपासून मी आवरायला लागते.
एकशे चाळीस रंग दोन लोखंडी पेट्यांत,
पेट्या फ्रीजच्या मागे.
पांढऱ्या लेसला सायीचा वास येतो.
पंचकमिटीत बसणाऱ्या एक बाई म्हणाल्याही,
ब्लाऊज घातला की भूक लागते.
बोर्ड घरी, पलंगाखाली आहे.
इथं वर डेअरीचाच आहे, गाय काढलेला.

पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक
किटली घेऊन आलेलं पोरगं.
"अर्धा लिटर."
दूध साडेपाचला, मी म्हणाले.
तो गेला नाही. काचेच्या बरण्यांत
बटनं बघत राहिला.
त्याच्या शर्टाचं वरून तिसरं नव्हतं.
उभ्या उभ्या लावून दिलं, चार भोकांचं, पांढरं.
मुठीतल्या दुधाच्या पैशातून
त्यानंच दोन रुपये काढून गल्ल्यावर ठेवले.

गल्लाही काकूंचाच.
ते दोन रुपये कुणाचे,
हे आमचं अजून ठरायचं आहे.